इंजिन वैरागला, टाकी बार्शीला

शुक्रवार पेठ, सोलापूर
रविवार, दुपार

तीर्थस्वरूप मायाक्कास,

धाकट्या श्रीमंतचा सोलापुराहून नमस्कार. (दोन्ही हात जोडून करणार होतो, पण डाव्या कोपराला पट्टी बांधलेली आहे. तेव्हा आज एका हाताचा गोड मानून घे. पट्टीचं कारण पुढे येईल.) तुझे गुडघे कसे आहेत? दाजींची साखर आटोक्यात आहे का? की अजून तू माजघरात गेलीस की गुळाचा खडा तोंडात टाकतात? तू म्हणशील, घरात दोन-दोन फोन असताना ह्याला पत्र लिहायची अवदसा कुठून आठवली. त्याचं असं आहे की फोनवर तू बोलतेस आणि मी 'हो अक्का' म्हणतो. आणि माझी पाळी येते तेव्हा तू 'ठेवते' म्हणून ठेवून देतेस. पत्रही मध्येच ठेवून देता येतं हे खरं, पण ठेवलेलं पत्र माणूस परत उचलतो. फोन उचलत नाही. निदान तू तरी उचलत नाहीस.

तात्या गेल्यावर आपली वाटणी झाली ती तुला सांगायला नको. तरीपण सांगतो, कारण पुढच्या सगळ्या भानगडीच्या मुळाशी तीच आहे आणि दादाच्या तोंडून ऐकलीस तर ती वेगळीच वाटेल. जमीन वाटायला एक दुपार पुरली. (तू तर आधीच हक्कसोडावर सही करून मोकळी झाली होतीस.) शेळ्यामेंढ्या जेवणाआधीच वाटून झाल्या. अडलं ते तात्यांच्या येझदी मोटारसायकलीवर. दादाचं म्हणणं, थोरला मी, तेव्हा गाडी माझी. माझं म्हणणं, विहीर दादाच्या वाट्याला गेली, तर गाडी तरी मला द्या. तू भिंतीला टेकून बसली होतीस, तुला कुणी काही विचारलं नाही. शेवटी मध्यस्थीला बसलेले कोंडीबामामा वैतागून म्हणाले, "मग करा की तिचं बी तीन तुकडं!" मामा रागानं बोलले होते. आपण तो निकाल समजलो. दादा उठला आणि पाने-पक्कड घेऊनच आला. दिवेलागणीपर्यंत इंजिन दादाकडे, सांगाडा आणि दोन्ही चाकं माझ्याकडे, आणि 'लेकीला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं' म्हणून टाकी, पुढचा दिवा आणि सीट तुझ्याकडे, अशी विल्हेवाट लागली. टाकी मांडीवर घेऊन तू बार्शीच्या एस्टीत बसलीस ते मला अजून दिसतं. त्या दिवसापासून दादा आणि मी एकमेकांशी बोललो नाही, आणि तू आमच्या दोघांच्याही उंबऱ्याला पाय लावला नाहीस.

माझ्या वाट्याचा सांगाडा इतकी वर्षं गणवेशाच्या दुकानामागच्या खोलीत उभा होता. अगदीच निरुपयोगी होता असं नाही. हँडलला शाळांच्या हाफ पँटी अडकवायच्या आणि मागच्या चाकावर टायांची टोपली ठेवायची, अशी तुझ्या भावजयीनं, दिपालीनं, त्याची सोय लावली होती. पण ह्या वर्षी दोन नव्या शाळांचे गणवेश आले, खोली भरली, आणि एके दिवशी मुलींच्या पिनोफ्रॉकचा गठ्ठा काढताना दिपालीच्या साडीचा पदर स्टँडात अडकून टर्रकन फाटला. बाई रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाली, "एक तर ही गाडी जोडा, नाही तर भंगारवाल्याला हाक मारते." मी भंगारवाल्याला दोनदा दारापर्यंत येऊ दिलं आणि दोनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा तो आपणहून आला, तेव्हा मी इमामसाबांना बोलवायला गेलो.

इमामसाब म्हणजे आमच्या बोळाच्या टोकाला राहतात ते. पूर्वी त्यांचं मोटारसायकलींचं गॅरेज होतं. आता मुलानं तिथं मोबाइलचं दुकान टाकलंय आणि इमामसाब दिवसभर त्याच दुकानाच्या पायरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकून नाकं मुरडतात. माणूस हाताचा चांगला. फक्त प्रत्येक नट सोडवताना त्यांना तसलाच एक जुना नट आठवतो, मग तो कुणाच्या गाडीचा होता, त्या माणसाच्या मेहुण्यानं काय केलं, असं सगळं सांगून झाल्याशिवाय हातातला नट फिरत नाही. ते आले, स्टुलावर बसले, चहा बशीत ओतला आणि सांगाडा न्याहाळत म्हणाले, "इंजिन?"

"वैरागला," मी म्हणालो.

"टाकी?"

"बार्शीला."

"सीट? लाइट?"

"तेपण बार्शीलाच."

इमामसाबांनी बशी खाली ठेवली. "शेठ, मग ही गाडी न्हाय. ही सोलापूर-बार्शी रोड हाय."

त्यानंतरच मी तुला फोन केला होता, आठवत असेल. टाकीत तुरीचं बी भरून ठेवलंय, तोंड लहान आहे, ते काही आता निघायचं नाही, असं म्हणून तू ठेवून दिलास. मी काही बोललो नाही. (बोलायला समोर कुणी नव्हतंच.) तेव्हा आता राहिलं इंजिन. छातीचा कोट करून वैरागची एस्टी धरली.

दादाच्या वस्तीवर पोचलो तर इंजिन गोठ्यात. पेंडीच्या पिंपावर झाकण, आणि झाकणावर इंजिन. शेळ्या तोंडानं झाकण उघडतात म्हणून. तात्यांनी पंच्यानं पुसून ठेवायची ती वस्तू! पण मी तरी कुठल्या तोंडानं बोलणार, माझ्याकडे हाफ पँटी होत्या. दादा बाजेवर बसला होता. माझ्याकडे न बघता वहिनीला म्हणाला, "गिरिजा, सोलापूरचं पाव्हणं आल्यात. पानी दे." मी पाणी प्यालो आणि आलेलं काम वहिनीला सांगितलं. वहिनीनं ते दादाला सांगितलं. दादा माझ्यापासून हातभर अंतरावर होता. तो वहिनीला म्हणाला, "त्यास्नी म्हनावं, इंजिन म्हंजी गाडी. बाकीचं समदं सामान. गाडी जुळवायची तर सामान हितं आना." मी वहिनीला म्हणालो, वस्तीवर इमामसाब कुठून आणू. असं बराच वेळ चाललं. शेवटी वहिनीचा स्वयंपाक करपायला लागला तेव्हा ती म्हणाली, "इंजिनासंगं तुमी बी जावा की सोलापूरला. हितं तरी काय दिवं लावताय?" दादा विचारात पडला. मग म्हणाला, चालतंय, पण इंजिन असंल तितं मी असणार. आणि खरोखर दुसऱ्या दिवशी बाजारच्या टेम्पोत, बकऱ्यांच्या मधोमध, घोंगड्यात गुंडाळलेल्या इंजिनाला टेकून आपला थोरला भाऊ शुक्रवार पेठेत दाखल झाला.

अक्का, दादा आमच्याकडे राहायला आला हे एवढ्या सोप्या वाक्यात लिहिता येईल असं वाटलं नव्हतं. तो अंधारात उठतो. उठला की खोकतो, आणि त्याचं खोकणं रानातल्या अंतराच्या मापाचं आहे, बोळाच्या नव्हे. समोरच्या बिऱ्हाडातले लोक पहिल्या दिवशी गॅलरीत आले, मग सवयीनं त्यावरच घड्याळ लावायला लागले. दिपालीच्या चपात्या त्याला कागदासारख्या लागतात, म्हणून ती भाकरी करायला लागली. आणि तिच्याशी तो तासन् तास गप्पा मारतो. माझ्याशी मात्र जे काही बोलायचं ते इमामसाबांच्या मार्फत. "इमामसाब, त्याला सांगा, नट धर." "इमामसाब, दादाला सांगा, धरलाय." हे चार दिवस ऐकून इमामसाबांनी पाना खाली टाकला आणि म्हणाले, "मी फिटर हाय का तुमच्या दोघांचा वकील? एकाच मायचं दूध प्यालाव, एकच बोली बोलताव, आन मधी माझं तोंड कशाला दुखवताव?" आम्ही दोघांनी मान हलवली. मग दादा म्हणाला, "इमामसाब, त्याला सांगा, तुमी म्हणताय ते बरोबर हाय."

इंजिन आतून गंजून धरलं होतं. गोठ्यातली सर्दी बाधली असं इमामसाबांचं निदान. त्यांनी वरच्या भोकातून डिझेल भरलं आणि आपोआप सुटेल म्हणून सांगितलं. दादा रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्याच्यापाशी उकिडवा बसायचा, हळूच किक दाबून बघायचा आणि 'न्हाय अजून' असं स्वतःशीच म्हणून उठायचा. आजारी जनावराजवळ बसतो तसा. एके दिवशी किक खाली गेली. दादानं आरोळी ठोकली ती माझ्या नावानं नव्हती, पण धावत गेलो मी.

आता गाडी सुरू करून बघायची ठरली तो दिवस. नेमका पाण्याचा दिवस होता. सगळ्या बोळात पिंपं, कळश्या आणि नळ्या. सांगाड्यात इंजिन बसलेलं. सीट तुझ्याकडे, म्हणून घोंगडं चौपदरी घालून बांधलं. किल्ली बसते ती पुढच्या दिव्यात, आणि दिवा तुझ्याकडे, म्हणून दोन वायरी एकमेकींना पिळून टाकल्या. टाकी तर तुझ्याकडेच, म्हणून इमामसाबांनी दवाखान्यातली सलाईनची रिकामी बाटली आणली, तिच्यात तेल मिसळलेलं पेट्रोल भरलं, भिंतीच्या खिळ्याला टांगली आणि नळी खाली इंजिनात सोडली. ब्रेक बसवायचे राहिले होते. मी विचारलं, तर इमामसाब म्हणाले, "जी चालतच न्हाय, तिला थांबवायचं कशाला?" मला पटलं. आता लिहिताना वाटतं, पटायला नको होतं.

सातव्या की आठव्या किकला ती लागली. अक्का, तोच आवाज गं. दोन्ही सायलेन्सरमधून निळा धूर निघाला, बोळभर पसरला, आणि तात्या बाजाराहून आले की त्यांच्या सदऱ्याला यायचा तो जळक्या तेलाचा वास आला. दादा टॉवेलनं तोंड पुसायला लागला. घाम नव्हता, मी बघितलं. बायका नळ वाहते सोडून बघायला आल्या. इमामसाब त्यांना अशाच एका गाडीची हकिकत सांगायला वळले, आणि तेवढ्यात दादा त्यांच्या पाठीला म्हणाला, "इमामसाब, त्याला सांगा, मी एक चक्कर मारून येतो." इमामसाबांना ऐकू गेलं नाही. दादा घोंगड्यावर बसला. मी खिळ्यावरची बाटली काढली आणि त्याच्या मागे बसलो. का बसलास असं सगळ्यांनी विचारलं, तू पण विचारशील. सांगाडा माझा होता. माझ्या सांगाड्यावर दादा एकटा जाणार हे मला बरं वाटेना.

ह्या गाडीची किकच आत दाबून खाली वळवली की गिअर होते, हे तुला ठाऊक आहे. दादाला ते पायाला कळलं, डोक्याला नाही. एकदम हिसका बसला आणि आम्ही निघालो. दादा हँडल घट्ट धरून, मी त्याच्या मागे हात उंच करून बाटली डोक्यावर धरलेली. लोक पटापट बाजूला झाले. दोन पोरींनी तर पिंप सरकवून वाट करून दिली. नळावरच्या केराबाईंना नीट दिसत नाही. त्या ओरडल्या, "कुनाला सलाईन लावलंय रं?" उत्तर द्यायला वेळ मिळाला नाही. बोळाला वळसा घालून आम्ही परत त्यांच्यासमोरून गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "अजून न्हेलं न्हाय व्हय दवाखान्यात?" तिसऱ्या फेरीला त्यांनी नुसते हात जोडले.

मग दादा ओरडला, "श्रीमंत, बाटली खाली धर!"

इतक्या वर्षांत त्यानं माझं नाव घेतलं ते हे पहिलं. मला लगेच कळलं काय करायचं ते. बाटली खाली घेतली की पेट्रोल थांबणार, पेट्रोल थांबलं की गाडी. पण अक्का, मी बाटली लगेच खाली घेतली नाही. लहानपणी दादा मला सायकलवर मागे बसवून वैरागच्या शाळेत सोडायचा, त्यानंतर त्याच्या पाठीला पाठ लावून, सॉरी, पोट लावून मी बसलो नव्हतो. वारा लागत होता. अजून एक अर्धी फेरी होऊ दिली. मग घेतली खाली. तरीही ती थांबेना. (नळीत आणि कार्बोरेटरात थोडं उरलेलं असतं, असं इमामसाबांनी नंतर सांगितलं.) त्या उरलेल्यावर आम्ही बोळ ओलांडून कोपऱ्यावर टेम्पोत भरायला काढलेल्या टॉवेलच्या गठ्ठ्यांत शिरलो. दादाचा घोटा मुरगळला, माझं कोपर सोललं. गाडीला ओरखडासुद्धा नाही.

घरी आणल्यावर दिपालीनं दादाच्या घोट्याला हळदीचा गरम लेप लावला, माझ्या कोपराला पट्टी बांधली, आणि दोघांनाही एकाच पलंगावर बसवून विचारलं, "एक सांगा. ही गाडी चालवता येते कुणाला तुमच्यात?"

दादा पंख्याकडे बघायला लागला. मी पट्टीकडे. माझी दुकानाची स्कूटर बिनगिअरची. आणि दादानं तरुणपणी एकदाच तात्यांची गाडी काढली, ती थेट बाभळीत घातली, त्यानंतर तात्यांनी त्याला हात लावू दिला नाही. दिपाली म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही दोघं जिच्यावरून बोलत नव्हता, ती तुमच्यातल्या एकालाही येत नाही?" मग दादा माझ्याकडे वळून, मध्ये कुणाला न घालता म्हणाला, "अक्काला येती की रं. तिला एकटीलाच तर येती."

मी तर ते विसरूनच गेलो होतो. तुझ्या लग्नाआधीची दोन वर्षं तू गाडी चालवायचीस आणि तात्या मागे कोकरू मांडीवर घेऊन बसायचे. वैरागच्या स्टँडवरची माणसं उठून उभी राहायची. कुणी काही बोललं तर तात्या मागूनच सांगायचे, "माझा खांदा दुखतोय, म्हनून चालवती." त्यांचा खांदा कधी दुखत नव्हता.

असो. तर काम एवढंच आहे, की टाकी, दिवा आणि सीट तेवढी एस्टीच्या पार्सलनं धाडून दे. बी काढायला वेळ लागला तर लागू दे, घाई नाही. बियांसाठी मी इथून झाकणाचा चांगला डबा पाठवतो. दाजींना नमस्कार, गुडघ्याला तेल लावत जा.

तुझा धाकटा,
श्रीमंत

ता. क. — पार्सल नको करूस. (पत्र टाकायचं राहून गेलं, आज बुधवार.) परवा तू मंदिरात गेली असताना दाजींनी फोन उचलला. ते म्हणाले, कसली तूर अन् कसलं बी. टाकी रिकामी आहे, आणि तू दर दसऱ्याला ती पुसून हळदकुंकू लावतेस. मी दादाला सांगितलं तर तो उठून गॅलरीत गेला. तेव्हा तू स्वतःच ये, टाकी घेऊन. सांगाडा मी सोडला, इंजिन दादानं सोडलं. इमामसाबांच्या समोर बोललोय, आणि इमामसाबांना कळलं म्हणजे पेठेला कळलं. गाडी तुझी. तू चालवायची, बार्शीला न्यायची, वाटेल ते करायचं. आमची एवढीच विनंती की पहिल्या फेरीला मागे एकाला तरी बसव. कुणाला, ते मात्र तूच ठरव, कारण त्यावरून काल रात्रीपासून आमचं जरा वाजलंय.

ता. क. दुसरा — आक्का, जोतिराम लिव्हतोय. श्रीमंत नळावर गेलाय तवर लिव्हतो. ह्यानं लिव्हलंय त्यात आर्धं खोटं हाय. मी बाभळीत गेलो न्हवतो, बाभळ वळणावर हुती. आन 'बाटली खाली धर' आसं मी म्हणलोच न्हाय. 'वर धर' म्हणलो. गाडी चांगली पळत हुती. ह्येला कमी ऐकू येतं, त्येच्यापायी पडलो. ते जाऊं दे. तात्यांनी तुला येवढी एक गोष्ट शिकिवली, आन आमी तिचं बी वाटं घातलं, तू भित्तीला बसून बघत हुतीस. तवा मला दिसलं न्हाय, आता दिसतंय. शिव्या द्यायच्या आसल्या तर हितं येऊन दे, मी घोटा बरा झाला तरी गावाकडं जात न्हाय तोवर. किक मी मारून दीन, तुझ्या गुडघ्याला तरास नगं. सोमवारी मातर येऊ नगंस. इमामसाब ब्रेक सोमवारी बसवनार हायती. मंगळवारी ये.